देवनागरी लिहायला फाउंटन पेनची स्टब निब (सपाट, रुंद टोकाची) १.१ मिमी घ्यावी की १.५?

१.१ घ्या. मी हौसेने १.५ आणली होती. वहीच्या ओळीत 'क्ष' लिहिला की पोटातली जागाच बुजायची. आता ती लग्नाच्या पाकिटांवर नावं टाकायला ठेवलीय.

स्टबची उभी रेघ जाड, आडवी बारीक. म्हणजे काना ठसठशीत, शिरोरेघ नाजूक. बोरूच्या लेखणीचं वळण मात्र येणार नाही, त्याचा काप तिरका असतो. इटॅलिक निबही अशीच सपाट, तिचं अक्षर जास्त कोरीव दिसतं, पण कोपरे टोकदार, भरभर लिहिलं की कागद ओरबाडते. स्टबचे कोपरे गोलसर असतात.

लॅमी सफारी पेन असेल तर नुसती निब बदलून १.१ आणि १.५ दोन्ही करून बघा.

आणि आमच्या जळगावच्या मे महिन्यात टोपण उघडं टाकू नका, चहा येईस्तोवर निब कोरडी पडते.