कोयता उचलण्याआधी झाड वाच

हे बघ, फांद्या छाटायला झाडावर चढायचं असलं तरी दोर बांधायची घाई नको. आधी झाडाभोवती दोन फेऱ्या मार, एक खाली बघत, एक वर बघत.

बुंध्यापाशी जास्त वेळ घालव. पुण्यात फुटपाथ आणि केबलच्या खोदाईत मुळं तुटतात, वरून मात्र झाड हिरवंगार दिसतं. एका बाजूची माती उचलली गेलीय का, ताज्या भेगा आहेत का? बुंध्याला फळीसारखी कडक अळंबी चिकटली असेल तर आतून कुजलंय असं धर. लाकडी हातोडीने ठोकून बघ. पोकळ आवाज आला तर त्यावर चढायचंच नाही. गुलमोहराचा तर मला कधीच भरवसा वाटत नाही. मुळं उथळ, लाकूड ठिसूळ.

वर बघताना वाळक्या आणि अडकलेल्या फांद्या हेर. दोन फांद्यांच्या बेचक्यात साल आत दबली असेल तर तिथूनच फाटतं. आग्या मोहोळ दिसलं की काम थांबव, शौर्य नको. वीजतार जवळ असेल तर महावितरणकडून पुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत हात लावू नकोस.

आणि हो, महापालिकेची परवानगी मालकाकडे आहे ना, तो कागद स्वतः बघ. १९७५ चा झाडं जपण्याचा कायदा फांद्या तोडण्यालाही लागतो.