कॉम्प्रेशन कमी आहे म्हणून इंजिन खोलायचं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 2008 ची वॅगनआर, बाहेरून बसवलेलं एलपीजी किट. सकाळी सेल्फ बराच वेळ मारावा लागतो, आयडलला गाडी थरथरते, पिकअप गेलाय. अमळनेरच्या मेकॅनिकने कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला हवेचा दाब मोजायचं मीटर) लावलं, "भाऊ, इंजिन खोलनंच पडी" म्हणाला आणि बोअरिंगचा (झिजलेले सिलिंडर आतून घासून नीट करण्याचा) खर्चही सांगून टाकला. तर खोलायचं का?

आत्ताच नाही. गेज एवढंच सांगतं की सिलिंडरमध्ये हवा टिकत नाही. ती कुठून निसटते ते गेजला कळत नाही, आणि तुमचा सगळा खर्च त्यावरच अवलंबून आहे. व्हॉल्व्ह गळत असतील तर नुसतं हेड (इंजिनचा वरचा भाग) उतरतं. पिस्टनच्या रिंगा गेल्या असतील तर काम मोठं. आणि टॅपेटचा (व्हॉल्व्हला दाबून उघडणाऱ्या भागाचा) गॅप संपला असेल तर कदाचित काहीच उतरवावं लागत नाही.

आधी त्यांना विचारा, गेज लावलं कसं? इंजिन गरम हवं, चारही प्लग बाहेर हवेत, इग्निशन आणि इंधन बंद (गॅसचा कॉकसुद्धा), आणि अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबलेला. थ्रॉटल बंद ठेवून घेतलेलं रीडिंग धरूच नका. बॅटरीचंही बघा. आपल्याकडच्या मे महिन्यात चांगल्या चांगल्या बॅटऱ्या मान टाकतात, आणि सेल्फ मंद फिरला की चारही सिलिंडर कमीच दाखवणार.

मग चारही आकडे कागदावर लिहून मागा. "डाऊन आहे" हे काही माप नाही. पेट्रोल इंजिनात साधारण 150 ते 200 पीएसआय येतं, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये मिळेल. पण त्या आकड्यापेक्षा आपसातला फरक जास्त बोलतो. तीन सिलिंडर 165-170 आणि एकच 95, तर दोष त्या एकात. शेजारशेजारचे दोन पडले असतील तर त्यांच्यामधलं हेड गॅस्केट (हेडखालचं पॅकिंग). चारही सारखेच खाली असतील तर टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणारा पट्टा) एखादा दात सरकलाय का ते बघा. तिथे बोअरिंग करून पैसे पाण्यात.

कमी आलेल्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडा, दोन-चार फेरे फिरवा आणि पुन्हा गेज लावा. आकडा चांगलाच चढला तर रिंगा किंवा बोअर. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. (डिझेलवाल्यांनी हा प्रयोग करू नये, तिथे ते तेलच पेट घेऊ शकतं.)

तुमची गाडी गॅसची आहे म्हणून माझा पहिला संशय टॅपेटवर. गॅसवर चालून चालून व्हॉल्व्हची सीट (व्हॉल्व्ह जिथे टेकतो ती कडा) झिजते, व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकत जातो आणि टॅपेटचा गॅप हळूहळू संपतो. मग इंजिन तापलं की व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नाही. गंमत म्हणजे आवाज वाढत नाही, उलट कमी होतो. मालक खूश, की इंजिन किती शांत चालतंय! गॅसच्या गाडीत टॅपेट अजिबात वाजेनासे झाले की मी तरी आधी कव्हर काढतो. पारोळ्याहून अशीच एक गाडी धुळ्याला आमच्याकडे आली होती. एक्झॉस्टच्या एका टॅपेटखाली फिलर गेजचं (गॅप मोजायच्या पात्यांचं) सगळ्यात बारीक पातंही शिरेना. गॅप दिला आणि त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन बाकीच्यांच्या रांगेत आलं. पुढे हेडचं काम कधीतरी निघेलच, पण बोअरिंगची गरज नव्हती. सीट जळलेली असेल तर मात्र नुसत्या सेटिंगने भागत नाही.

तरीही कळलं नाही तर पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर कामाला येतो. गेजच्या नळीतला व्हॉल्व्ह काढा, ती प्लगच्या जागी बसवा, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणा आणि बेताने हवा सोडा. तेव्हा क्रँकवर पाना ठेवू नका, पिस्टन खाली ढकलला जाऊन तो गर्रकन फिरतो. आता फक्त कान लावा. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर फिल्टरच्या बाजूने आली तर इनटेक, रेडिएटरमध्ये बुडबुडे उठले तर गॅस्केट. ऑइल भरायच्या तोंडातून जोरात आली तर रिंगा. थोडी हवा तिथून नव्या इंजिनातही येतेच, तेवढ्यावर घाबरू नका.

एअर फिल्टर स्वतः उघडून बघा. कापसाच्या शिवारातला फुफाटा फाटक्या फिल्टरमधून आत गेला असेल, ऑइल कमी होत असेल आणि सायलेन्सर निळा धूर टाकत असेल, तर तुमचा मेकॅनिक बरोबर आहे.

नसेल तर आधी टॅपेट तपासून घ्या, लागेल तो गॅप द्या, मग गाडी गरम करून पुन्हा चारही आकडे घ्या. ते कळवा, मग हेड उतरवायचं का ते सांगतो.