गेटवरची पाटी आणि तुझी ई-बाइक

प्रिय मित्रा,

तुझा रविवारचा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. कॉलेजच्या गेटवर पाटी आहे : 'विद्यार्थ्यांनी आवारात गाडी चालवू नये. आदेशावरून.' तू ई-बाइकवरून आत शिरलास, वॉचमनकाकांनी हात आडवा केला. तू म्हणालास, हिला नंबरप्लेट नाही, लायसन्स लागत नाही, मग ही गाडी कशी? काका गप्प झाले आणि तू आत गेलास.

कायदा तू नीट वाचला आहेस. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 प्रमाणे मोटरची ताकद 250 वॉटपेक्षा कमी, वेग ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी, अशा अटींत बसणारं बॅटरीवरचं दुचाकी वाहन 'मोटार वाहन' धरत नाहीत. पण पाटीवर 'मोटार वाहन' कुठे आहे? तिथे 'गाडी' आहे. एका कायद्यातली व्याख्या उचलून कॉलेजच्या पाटीला लावता येत नाही. पुण्यात 'गाडी काढ' म्हटलं की माणूस स्कूटरची किल्ली शोधतो, सायकलीची नाही. तुझी ई-बाइक पेडल मारूनही चालते, म्हणजे तू 'गाडी' या शब्दाच्या बरोबर कडेवर उभा आहेस.

ही कड जुनी आहे. 1958 साली इंग्लंडमधले कायद्याचे तत्त्वज्ञ एच. एल. ए. हार्ट यांनी उदाहरण घेतलं : उद्यानात वाहन आणायला बंदी. मोटारीला बंदी हे उघडच, पण सायकल? रोलर स्केट्स? अमेरिकेतले कायद्याचे अभ्यासक लॉन फुलर यांनी त्याच वर्षी उलट विचारलं, दुसऱ्या महायुद्धातला चालू स्थितीतला ट्रक स्मारक म्हणून चौथऱ्यावर ठेवला तर? तुझ्या वयात मला यात फक्त शब्दांचा खेळ दिसला. नियम कशासाठी केला हे आधी विचारायचं, ही फुलर यांची गोष्ट माझ्या हातून चूक झाल्यावरच कळली.

एका संस्थेच्या वाहन समितीवर असताना मसुदा मी लिहिला होता : 'मुख्य दाराच्या आत कोणतेही वाहन नेऊ नये.' त्या 'कोणतेही'चा मला अभिमान होता. पावसाळ्यात एक मुलगी मागे दोन जादा चाकं लावलेल्या स्कूटरवरून आली. वॉचमनने तिला दाराशीच उतरवलं. नियमच तसा होता, त्याचा काय दोष? तिने दप्तर गळ्यात अडकवलं, कुबड्या काखेत घेतल्या आणि निघाली. ओल्या फरशीवर कुबडीचं रबर सटकत होतं, दर दोन पावलांनी ती थांबत होती. त्याच आठवड्यात एकाने आपली मोटरसायकल आत उभी केली आणि म्हणाला, ही रात्रभर आतच होती, मी 'नेली' कुठे? तो सुटला. ती तीन महिने तशीच चालली. तिने तक्रार केली नाही आणि मी विचारलं नाही.

तुझा मेसेज वाचताना मला ती दिसली. ढिसाळ शब्दांतून बोलता येणारा निसटतो, गप्प राहणारा अडकतो. आणि त्या दिवशी तू ज्यांना निरुत्तर केलंस, त्यांनी ती पाटी लिहिलेली नाही. तुला आत सोडल्याबद्दल ओरडा मात्र त्यांनाच बसणार.

हेल्मेटबद्दल तू लिहिलंस की मोटार वाहन कायद्याचं कलम 129 'सार्वजनिक ठिकाणी' म्हणतं आणि कॉलेजचं आवार तसं नाही. त्यावर वाद घालत नाही. हेल्मेट घाल.

आता पाटी नीट वाच. 'विद्यार्थ्यांनी' म्हटल्यावर प्राध्यापक आणि जेवणाचे डबे पोचवणारे सुटले. वेळ नाही, रस्ता नाही. सकाळी दहाला गेटपाशी उभा राहून बघ, नेमकी भीती कशाची आहे? चालणाऱ्यांना धक्का लागण्याची असेल, तर तो प्राध्यापकांच्या स्कूटरचाही लागतो. मग प्राचार्यांना अर्ज दे आणि सोबत मसुदा जोड. सुरुवात मी करून देतो :

'गेट ते ग्रंथालय या रस्त्यावर सकाळी 9 ते सायंकाळी 6 या वेळेत कोणीही मोटरवर किंवा इंजिनवर चालणारे वाहन चालवू नये. दिव्यांग व्यक्तींची वाहने, रुग्णवाहिका व अग्निशमन वाहने यांना हा नियम लागू नाही. वाहन बंद करून हाताने ढकलत नेता येईल.'

यात तुझी ई-बाइक अडकते, हे तुझ्या लगेच लक्षात येईल. पेडल मारत नेलेली चालावी की नाही, ते तू ठरव, पण त्यामागचं कारण काकांना पटेल असं हवं. शनिवारी माझ्याकडे येण्याआधी मसुदा त्यांना वाचून दाखव. कोणाला अडवायचं आणि कोणाला सोडायचं हे त्यांना जिथे कळणार नाही, ती जागा समासात लिहून आण.

तुझा,
सर