'मुका मार' की 'बोथट दुखापत'?

प्रश्न असा आहे: दुचाकीवरून पडलेल्या नातेवाइकाच्या डिस्चार्ज कार्डावर 'ब्लंट ट्रॉमा अ‍ॅब्डोमेन' लिहिलंय. विम्याच्या मराठी अर्जात 'पोटाची बोथट दुखापत' लिहायचं का? 'मुका मार' फार किरकोळ वाटतो.

'बोथट दुखापत' लिहू नका. बोथट असतो कोयता, विळा, फार तर भावना. पोलिसांच्या कागदात 'कठीण व बोथट वस्तूने मारहाण' असतं ते बरोबर, कारण तिथे बोथट आहे ती वस्तू. दुखापतीला आपल्याकडे नेमका शब्द आहे, मुका मार. जखमेला तोंड असतं, गळवाला तोंड पडतं. कातडी शाबूत राहून आत लागलेल्या माराला तोंडच नाही, म्हणून तो मुका, असं मी समजतो.

किरकोळपणाची शंका मात्र रास्त आहे. मांडीला, दंडाला मुका मार लागला की आंबेहळद उगाळून लावायची, हा आपला रिवाज. पोटाला तो लावू नये. दुचाकीचं हँडल, गाडीचं स्टिअरिंग, गुराची लाथ, उंचावरून पडणं, यात अवयव कण्यावर चेंगरतात, झटक्याने बंधांपासून फाटतात किंवा आतडं दाबाने फुटतं. सर्वांत जास्त वेळा सापडते ती पाणथरी, म्हणजे प्लीहा, मग यकृत. बाहेर ओरखडाही नसतो आणि आत रक्त साठत असतं. पाणथरी फाटली की कधीकधी डावा खांदा दुखतो, आणि माणूस खांद्यालाच मलम चोळत बसतो! आतडं फुटल्याची लक्षणं तर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी दिसतात.

सोनोग्राफीत पोटात रक्त दिसलं आणि सलाइन, रक्त देऊनही रक्तदाब घसरत राहिला, तर पोट उघडतात. चिंधड्या झालेली पाणथरी काढून टाकतात. अशा रुग्णाला पुढे न्यूमोकोकससारख्या जंतूंविरुद्ध लसी घ्याव्या लागतात. यकृत काही काढून टाकता येत नाही. रक्त थांबेना तर त्याभोवती पॅड दाबून बसवतात आणि रुग्ण सावरल्यावर, बहुधा 24 ते 48 तासांनी, पोट पुन्हा उघडून ते पॅड काढतात. फुटलेलं आतडं शिवतात, नाहीतर खराब तुकडा कापून टोकं जोडतात. रक्तदाब स्थिर असेल तर सीटी स्कॅन करून नुसतं लक्ष ठेवतात; फाटलेली पाणथरीही पुष्कळदा अशीच, सुरीविना भरून येते.

म्हणून अर्जात नुसतं 'मुका मार' लिहून थांबू नका. कार्डावर जे असेल ते जोडा: 'पोटाला मुका मार, पाणथरी फाटून अंतर्गत रक्तस्राव, शस्त्रक्रिया करून पाणथरी काढली.' हे वाचून कोणी किरकोळ म्हणणार नाही.

आणि हो, शब्द दोन आहेत, सुटे लिहा. सामान्यरूपात 'मुका'ही बदलतो: 'मुक्या माराने'. बातम्यांत दिसणारं 'मुकामाराने' माझ्या कानाला खटकतं.