साज गुजरीत नेण्याआधी

प्रश्न : आमचा बंड्या, डॅशहुंड, पाच वर्षांचा. सोमवारी संध्याकाळी दिवाणावरून उडी मारली आणि मंगळवारी सकाळी मागचे दोन्ही पाय उचलेनात. इथल्या डॉक्टरांनी मणक्यातली चकती सरकल्याचं सांगितलं. पुण्यात एमआरआय आणि ऑपरेशनचा अंदाज १,४०,००० रुपये. दुसरीकडे एकांनी ऑपरेशनशिवाय तीन महिन्यांचं ‘होलिस्टिक पॅकेज’ सुचवलंय : अ‍ॅक्युपंक्चर, लेसर, तेलाचा मसाज, पूरक औषधं. ६०,००० रुपये, सगळे आधी भरायचे. दोघांचं मिळून उत्पन्न ५८,०००, घरखर्च ४१,०००, एसआयपी ६,०००, भिशी ३,०००. अडीअडचणीसाठी २,१०,००० ची एफडी आहे. मिस्टर म्हणतात, कुत्र्यावर एवढे पैसे घालायचे का? सासूबाईंनी दिलेला सोन्याचा साज गुजरीत सराफाकडे गहाण टाकू का?
एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

ताई, तुमचं पत्र बुधवारी रात्री वाचलं आणि गुरुवारी सकाळी तुम्हाला फोन केला, कारण या दुखण्यात तास पैशापेक्षा महाग असतात. फोनवर पहिला प्रश्न मी एफडीचा नाही, पायाचा विचारला. डॉक्टरांनी मागच्या पायाचं बोट चिमट्यात जोरात धरलं तेव्हा बंड्यानं काय केलं? नुसता पाय आखडून घेणं मोजायचं नाही, तो शरीराचा आपोआपचा झटका असतो. तुम्ही म्हणालात, “मान वळवून डॉक्टरांच्या हाताला चावायलाच धावला.” ऐकून बरं वाटलं. याचा अर्थ खोलवरची वेदना मेंदूपर्यंत पोचतेय.

माझ्या वहीत सगळा हिशेब त्या चाव्यावरून सुरू होतो. वेदना पोचत असेल तर ऑपरेशननंतर दहातली साधारण नऊ कुत्री पुन्हा चालतात. उठता न येणाऱ्या कुत्र्याला ऑपरेशनशिवाय औषधं आणि सक्त विश्रांतीवर ठेवलं तर दहातली पाच-सहा, आणि त्यातल्या काहींचं दुखणं पुढे उलटतं. वेदनाच पोचेनाशी झाली, तर ऑपरेशन करूनही निम्म्याची आशा, न करता फारच कमी. म्हणजे १,४०,००० देऊन तुम्ही पाच-सहाचे नऊ करताय. हा वाईट सौदा नाही, पण तो आज जसा आहे तसा परवा राहील असं धरू नका.

आता पॅकेज. अ‍ॅक्युपंक्चरला मी हसत नाही. औषधांच्या जोडीला दिल्यावर कुत्री लवकर उभी राहिल्याचे अभ्यास आहेत, जरी त्यातली कुत्र्यांची संख्या लहान असली तरी. फिजिओथेरपीही हवीच, योग्य वेळी. माझा आक्षेप दोन गोष्टींना आहे. एक, तेलाचा मसाज. चकती ताजी सरकलेली असताना पाठ चोळणं, ताणणं म्हणजे दुखणं वाढवणं. पहिले चार ते सहा आठवडे त्याला छोट्या पिंजऱ्यात गप्प ठेवणं हाच मोठा उपचार. आणि दुसरं, साठ हजार आगाऊ. चौथ्या दिवशी वेदना पोचेनाशी झाली आणि ऑपरेशनला पळावं लागलं, तर ते साठ हजार परत कोण देणार? जेवढ्या बैठका होतील तेवढ्याचेच पैसे त्या त्या वेळी रोखीनं द्या, पावती घ्या. जो आगाऊच हवेत म्हणतो, त्याला नमस्कार करा. घरातली माणसांची वेदनाशामक गोळीही देऊ नका. काही गोळ्या कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला भोवतात.

साजाला हात लावू नका. सोन्यावर कर्ज मिळेल, पण तुमच्याकडे त्याहून स्वस्त वाट आहे. एफडी मोडायची नाही, तिच्यावर कर्ज घ्यायचं. बँका सहसा एफडीच्या ९० टक्क्यांपर्यंत देतात, व्याज एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त. ९ टक्के धरले तर १,४०,००० चा बारा महिन्यांचा हप्ता सुमारे १२,२४३ आणि वर्षभराचं व्याज साधारण ६,९००. एफडी मात्र चालू राहून तिचं व्याज देत राहील. तुमची शिल्लक महिना ८,०००, एसआयपी वर्षभर थांबवलीत की १४,०००. हप्ता बसतो, पण अंगाला घट्ट. क्रेडिट कार्डवर टाकून थकवू नका, तिथे व्याज वर्षाला ३६ ते ४२ टक्के जातं.

खरी झळ दुसरीकडे आहे. २,१०,००० म्हणजे तुमच्या घरखर्चाचे पाच महिने. १,४०,००० वापरलेत की हाताशी राहतात जेमतेम पावणेदोन महिने. त्या वर्षात घरात दुसरं काही उपटलं तर? मिस्टरांच्या नकारात हाच हिशेब असावा, आणि तो खोटा नाही. त्यांना कंजूस म्हणू नका.

म्हणून माझं मत असं : पुण्याला जाण्याआधी शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात फोन करा, पुण्याच्या वाटेवरच आहे. अशा रुग्णाची तपासणी आणि ऑपरेशन तिथे होतं का, खर्च किती, हे विचारा. सर्जन “आजच करा” म्हणाले तर एफडीवर कर्ज काढा आणि करा, पैशासाठी नाही म्हणू नका. थोडं थांबा म्हणाले तर विश्रांती, औषधं आणि घरची शुश्रूषा, एकूण मर्यादा ३०,०००. रोज पायाची खोल वेदना तपासून घ्या. ती पोचेनाशी झाली की थांबणं संपलं, ऑपरेशनला निघा.

घरची शुश्रूषा फुकट नसते. पोट दाबून लघवी काढायची, दिवसातून तीन-चार वेळा, ते डॉक्टरांकडून शिकून घ्या. कूस बदलायची, गादी कोरडी ठेवायची, टॉवेलच्या झोळीनं मागचं अंग उचलून बाहेर न्यायचं. वजन वाढू द्यायचं नाही. यासाठी दोघांपैकी एकाच्या किती रजा जातील, ते मला कळवलं नाहीत, ते मोजा. माझ्या ओळखीच्या एका घरात कुत्र्याचे पाय आलेच नाहीत, मग शिवाजी उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपवाल्यानं अ‍ॅल्युमिनियमची नळी वाकवून दोन चाकांची गाडी करून दिली. चौकात ती धावते तेव्हा लोक थांबून बघतात.

करात काही सुटेल म्हणाल तर नाही. आयकरातली आरोग्यविम्याची सवलत माणसांसाठी आहे, बंड्या त्यात बसत नाही. आता विमा काढलात तरी हा आजार आधीचाच धरला जाईल.

भिशी मोडू नका. तुमचा नंबर मार्चमध्ये लागतो म्हणालात, ते पैसे आले की कर्जात भरा. आणि मिस्टरांना डॉक्टरांकडे बरोबर न्या, चिमटा लावताना त्यांनाही बघू दे.