‘काय बे, बांगड्या भर जा की!’

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न : ताई नमस्कार. मी सोलापूरची, अशोक चौकाच्या बाजूला राहते. माझा मुलगा 20 वर्षांचा आहे, कॉलेजला जातो, लहानपणापासून खो-खो खेळतो. गड्ड्याच्या यात्रेतून परत आलो त्या रात्री गच्चीवर मला म्हणाला, आई मला मुली नाही आवडत, मुलं आवडतात, तू चिडू नको. मी चिडले नाही पण तेव्हापासून झोप उडालीय. ग्राउंडवर पोरं त्याला बायल्या म्हणतात, सूर मारताना जरा कचरला की कोचच ओरडतात ‘काय बे, बांगड्या भर जा की’, आता तो खेळच सोडतो म्हणतोय. सासूबाई विड्या वळायच्या तेव्हा हा त्यांच्याजवळ बसून पानं कापून द्यायचा, घरात सगळा बायकांचाच राबता, त्याच्यामुळे असं झालं का? एका मैत्रिणीला विश्वासात घेऊन सांगितलं तर म्हणते लग्न लावून दे, आपोआप जाईल डोक्यातून. ह्यांना अजून काही माहीत नाही. काय करू?
— एक आई

उत्तर : ताई, पत्र दोनदा वाचलं. त्याच्या टीमचं नाव तुम्ही लिहिलं होतं ते मी काढून टाकलंय.

आधी पानांचं. आजीजवळ बसून पानं कापली म्हणून कुणी गे होत नाही हो. तसं असतं तर आपल्या पूर्व भागातली निम्मी पोरं झाली असती, कारण तिकडे घराघरात सूप, कात्री आणि पानांचा गठ्ठा बघतच पोरं मोठी झालीत. तुमचं काही चुकलेलं नाही आणि त्याचं पण नाही. हा आजार नाही, जागतिक आरोग्य संघटनेने 1990 मध्येच आजारांच्या यादीतून हे काढलंय. उद्या कुणी डॉक्टर म्हणाला की गोळ्यांनी नाहीतर शॉक देऊन बरा करतो, तर तिथून सरळ उठून या, असले उपचार करणं हे डॉक्टरचं गैरवर्तन आहे असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये राज्यांच्या मेडिकल कौन्सिलना लेखी कळवलंय. बाबा-बुवांचं तर मी बोलतच नाही, त्यांना कौन्सिल पण नसते.

कायद्याची भीती पण नको. 6 सप्टेंबर 2018 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की दोन सज्ञान माणसांनी राजीखुशीने एकत्र येणं हा गुन्हा नाही, आणि 1 जुलै 2024 पासून जी नवी भारतीय न्याय संहिता लागू झाली तिच्यात असे संबंध गुन्हा ठरवणारं ते जुनं 377 कलमच नाहीये. हां, दोन पुरुषांचं लग्न अजून आपल्याकडे कायद्याने होत नाही, ऑक्टोबर 2023 मध्ये कोर्टाने ते संसदेवर सोडलं. म्हणजे जोडीदार मिळाला तरी पुढे कागदपत्रांची कटकट आहे, खोटं कशाला सांगू.

मैत्रिणीचा सल्ला मात्र अजिबात ऐकू नका. लग्न लावून काही जात नाही, फक्त कुणाची तरी मुलगी आयुष्यभर स्वतःलाच विचारत बसते की माझ्यात काय कमी आहे. अशा दोन बायकांची पत्रं माझ्याकडे आलेली आहेत, छापू नका म्हणाल्या म्हणून छापली नाहीत.

आता बांगड्यांचं, कारण खरं सांगायचं तर मला सगळ्यात जास्त तेच लागलं. मी स्वतः शाळेत खो-खो खेळलेय, सलवारची नाडी घट्ट आवळून आणि ओढणी कमरेला बांधून, आणि आमचे सर पण आम्हाला हेच म्हणायचे. मुलींनाच म्हणायचे, बांगड्या भरा! तेव्हा आम्ही खी खी हसायचो. या एका वाक्यात दोन माणसं मार खातात बघा, एक तो पोरगा आणि दुसरी बांगडी घालणारी प्रत्येक बाई. बाई म्हणजे कमी असं आधीच डोक्यात पक्कं बसलंय म्हणून तर पोराला बायल्या म्हटलं की तो मेल्याहून मेला होतो. आणि हे बोलायचं कुठे तर सोलापुरात! गिरण्या एकेक करून बंद पडल्या तेव्हा किती घरांची चूल बांगड्या भरलेल्या हातांनी पेटती ठेवली, दिवसाला हजार विड्या वळून. तुमच्या सासूबाईंनी पण वळल्याच की. तिकडे कुंभारीला कष्टकऱ्यांच्या नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार बायकांची 10,000 घरं उभी आहेत, त्या कोचना एकदा तिकडे न्या आणि म्हणावं आता इथे उभं राहून ओरडा.

पोराला एकटं वाटत असेल तर त्याला धावपटू द्युती चंदची गोष्ट सांगा. ओडिशातल्या विणकराच्या घरातली पोर, आपल्या पद्मशाली गल्लीतली वाटावी अशी. 2014 ला शरीरात पुरुषी हार्मोन जास्त म्हणून तिला कॉमनवेल्थच्या टीममधून काढलं, ती आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादापर्यंत भांडली आणि 2015 मध्ये तो नियमच स्थगित करून घेतला. मे 2019 मध्ये सगळ्यांसमोर सांगितलं की माझं एका मुलीवर प्रेम आहे. घरातनंच विरोध झाला, आणि दोन महिन्यांनी इटलीत वर्ल्ड युनिव्हर्सिटी गेम्समध्ये 100 मीटरचं गोल्ड घेऊन आली. पुढे डोपिंगमध्ये चार वर्षांची बंदी आली ते पण सांगा, देव करायचं नाही कुणाला, पण ज्या वर्षी मन मोकळं केलं त्याच वर्षी ती काय पळाली ते त्याला कळू दे.

आणि क्रिकेटमधली, मुंबई इंडियन्सची नॅट सिव्हर-ब्रंट. इंग्लंडची, 2022 मध्ये स्वतःच्याच टीममधल्या फास्ट बोलर कॅथरीन ब्रंटशी लग्न केलं, दोघींनी आडनावं जोडून घेतली. 2023 ला पहिल्या डब्ल्यूपीएलच्या, म्हणजे बायकांच्या आयपीएलच्या, फायनलला ती शेवटपर्यंत नॉट आउट राहिली आणि आपण जिंकलो. आमच्या वाड्यातली पोरं टीव्हीसमोर नाचत होती, तिच्या घरी कोण असतं हे एकाने पण विचारलं नाही. पुरुषांच्या क्रिकेटमध्ये मात्र असं उघड बोलणारे फार थोडे, इंग्लंडचा विकेटकीपर स्टीव्हन डेव्हिस 2011 मध्ये बोलला होता. पोरांना जास्त जड जातं हे, कारण तिथे प्रत्येक बॉलला मर्दानगी तपासली जाते.

खेळ सोडायचा की नाही ते त्याला ठरवू द्या. पण तुम्ही एकदा कोचना जाऊन भेटा, पोराचं काही एक न सांगता, नुसतं म्हणा की सर ते बांगड्यांचं वाक्य बंद करा, मी पण बांगड्या घालते. तुमच्या ह्यांना कधी सांगायचं हे पण पोरगाच ठरवेल, त्याच्या मागे तुम्ही बोलून टाकू नका. त्याने विश्वासाने तुमच्याजवळ ठेवलंय ते.

प्रश्न : आपली संस्कृती सोडून ही समलिंगी वगैरे पाश्चात्य थेरं मासिकात कशाला?
— एक नियमित वाचक

उत्तर : नियमित वाचता, आभार. तमाशातला नाच्या कुठल्या देशातून आला? बालगंधर्व शालू नेसून स्टेजवर आले की बायका घरी जाऊन तसाच पदर घ्यायच्या. (स्त्री भूमिका करणारा गे असतो असं मी म्हणत नाहीये, उगाच ते धरून पुढचं पत्र लिहू नका.) स्टेजवर नऊवारीतला पुरुष दिसला की टाळ्या आणि ग्राउंडवर जरा लाजरा पोरगा दिसला की शिव्या, यातली संस्कृती नक्की कुठली ते तुम्हीच कळवा.

प्रश्न : माझी मुलगी 13 वर्षांची आहे, पार्क मैदानावर क्रिकेट खेळते. प्रॅक्टिसला शॉर्ट्स पाहिजेत म्हणते. घरचे म्हणतात मुलीला एवढं कशाला, पुढे काय होणार आहे?
— एक वडील, जुळे सोलापूर

उत्तर : दादा, पुढे काय होणार ते आत्ताच कसं सांगू, पण काय झालंय ते सांगते. आपल्याच जिल्ह्यातल्या किरण नवगिरेने 2022 मध्ये नागालँडकडून खेळताना टी-ट्वेंटीत नाबाद 162 केले. भारताच्या कुठल्याच खेळाडूने, पुरुष धरून, तोवर टी-ट्वेंटीत दीडशे केले नव्हते. आणि पुढच्या वर्षी डब्ल्यूपीएलला उतरली तेव्हा बॅटवर स्पॉन्सरचं स्टिकर नाही, तिने हातानेच धोनीची आद्याक्षरं MSD आणि 07 लिहिलेलं. ऑक्टोबर 2022 मध्ये क्रिकेट बोर्डाने भारताकडून खेळणाऱ्या बायकांची मॅच फी पुरुषांएवढी केली, वनडेचे 6 लाख, टी-ट्वेंटीचे 3 लाख. 2 नोव्हेंबर 2025 ला नवी मुंबईत आपल्या पोरींनी वर्ल्ड कप घेतला तेव्हा तुमच्या घरचे पण जागेच असतील ना, मग?

शॉर्ट्स घेऊन द्या. खाली सायकलिंगची घट्ट पँट घालायला सांगा, डाइव्ह मारली की मुरमाने गुडघे सोलवटतात. सोलवटलेच तर धुवून हळद लावा आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर सोडायला जा, सहाची प्रॅक्टिस असेल तर पावणेसहाला.