किसलेल्या साबणाचा लिक्विड सोप का थिजतो आणि का फाटतो

आपण लिहिले आहे की अंगाच्या साबणाच्या वड्या किसून पाण्यात उकळल्या, दुसऱ्या दिवशी तो द्राव थिजून त्याला तार सुटू लागली आणि पातळ करण्यासाठी व्हिनेगर घातल्यावर तो दुधासारखा फाटला. या दोन्ही गोष्टींची कारणे साबणाच्या घडणीतच आहेत.

वडीचा साबण तेल आणि कॉस्टिक सोडा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, यांपासून बनतो आणि सोडियमचा साबण थंड पाण्यात फारसा विरघळून राहत नाही. गरम असताना पातळ दिसतो, निवला की थिजतो. पाणी वाढवले तर तो थिजायचा थांबतो खरा, पण मग त्यात साबणच नावापुरता उरतो. खऱ्या लिक्विड सोपसाठी कॉस्टिक पोटॅश, म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइड लागते; पुढे त्यालाच नुसते ‘पोटॅश’ म्हटले आहे. व्हिनेगर किंवा लिंबू घातल्यावर आम्लामुळे साबण मोडतो आणि त्यातील मेदाम्ले (तेलाचे आम्लरूप घटक) सुटी होऊन वर तरंगतात. इंटरनेटवरील कितीतरी कृतींत साबण आणि व्हिनेगर एकत्र सांगितलेले असतात, याचे मला खरोखर वाईट वाटते, कारण त्यातून दोघांचाही गुण जातो.

फरशी, ओटा आणि भांड्यांसाठी खोबरेल तेल उत्तम, कारण त्याचा साबण पाण्यात सहज विरघळतो आणि फेसही भरपूर देतो. ५०० ग्रॅम तेलाला ९० टक्के शुद्धतेचे सुमारे १३८ ग्रॅम पोटॅश आणि ४१५ ग्रॅम डिस्टिल्ड वॉटर घ्यावे. या हिशेबात थोडे तेल मुद्दाम शिल्लक राहते, म्हणजे साबण हाताला झोंबत नाही. पुडीवरील शुद्धता वाचल्याशिवाय वजन ठरवू नये आणि वाटी-चमच्याचे माप येथे अजिबात चालत नाही. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा हवाच.

पोटॅश नेहमी पाण्यात टाकावे, पोटॅशवर पाणी कधीही ओतू नये, कारण मिश्रण क्षणात उकळून अंगावर उडते. चष्मा, रबरी हातमोजे, उघडी खिडकी आणि मुले घराच्या दुसऱ्या टोकाला, इतकी तयारी झाल्याशिवाय पुडी उघडू नये. भांडे स्टेनलेस स्टीलचेच असावे; ॲल्युमिनियमवर पोटॅशची क्रिया होऊन हायड्रोजन वायू सुटतो आणि भांडेही खाल्ले जाते. त्वचेवर थेंब उडाला तर लिंबू चोळत न बसता वाहत्या नळाखाली बराच वेळ धुवावे आणि डोळ्यात गेला तर धूत धूतच डॉक्टरांकडे निघावे.

पोटॅशचा हा द्राव कोमट तेलात ओतून हँड ब्लेंडरने घोटला की मिश्रण दाट होते. मग उकळत्या पाण्याच्या मोठ्या पातेल्यात ते भांडे ठेवून, अधूनमधून ढवळत, दोन-तीन तास मंद शिजवावे. आधी पांढरट, दाणेदार दिसणारा लगदा हळूहळू व्हॅसलिनसारखा पारदर्शक होतो. त्यातला चमचाभर गरम डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवून पाहावा; पाणी स्वच्छ राहिले तर काम झाले, दुधाळ दिसले तर तेल अजून कच्चे आहे, आणखी शिजवावे. तयार लगद्यात त्याच्याच वजनाइतके गरम डिस्टिल्ड वॉटर घालून रात्रभर झाकून ठेवले की गोळे आपोआप विरतात.

बोअरच्या जड पाण्यात मात्र कोणताही खरा साबण मळी सोडतो, कारण पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्याच्याशी जुळून न विरघळणारा साका बनतो. आपल्याकडे असेच पाणी असेल, तर बाजारातील ॲसिड स्लरीपासून (डिटर्जंटचा कच्चा माल) बनवलेले लिक्विड भांड्यांना अधिक उपयोगी पडेल, हे मी मोकळेपणाने सांगेन. घरच्या साबणाने पुसलेली फरशी शेवटी एकदा साध्या पाण्याने पुसावी. लोकरी आणि रेशमी कपड्यांना तो लावू नये.

आपला फाटलेला द्राव मोरीत ओतू नका, मेदाचा थर पाइपमध्ये थिजतो. तो थंड झाल्यावर जुन्या फडक्यातून गाळून चोथा कचऱ्यात टाकावा. खालचे पाणी मोरीत सोडायला हरकत नाही.